पडद्यामागचा म्युझियमवाला: १९व्या शतकातल्या कर्मचाऱ्याचं रोजचं काम जुन्या कागदांतून कसं शोधायचं

जुन्या म्युझियमवर कथा, पॉडकास्ट, कॉलेजचं प्रोजेक्ट किंवा प्रबंध करायचाय, आणि त्यात संस्थापक-उद्घाटन-इमारत एवढंच नकोय, तर तिथे नोकरीला असलेला माणूस सकाळी आल्यावर नक्की करायचा काय हे हवंय, अशा लोकांसाठी हे लिहितेय. मला हे कोणी सांगितलं असतं तर बराच वेळ वाचला असता.

अडचण अशी की हा दिवस एका जागी कुठेच लिहिलेला नसतो. रिपोर्टात वाक्य असतं की यंदा संग्रहात मोलाची भर पडली. आता भर पडली म्हणजे काय, तर कोणीतरी गाडीवरून खोकी उतरवली, फोडली, आतलं सामान धड आहे का बघितलं, सोबतच्या यादीशी ताडून पाहिलं, नंबर टाकले, चिठ्ठ्या बांधल्या, आणि शेवटी पडलेला भुसा झाडून काढला. हे सगळं त्या एका वाक्यात गडप होतं.

मी हे शिकले वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनच्या (अमेरिकेतली म्युझियमं आणि संशोधन चालवणारी मोठी संस्था) कागदांवर, आणि ते घरी बसून. तुम्हालाही तिथूनच सुरुवात करा असं सांगेन, कारण एक तर त्यांचं खूप काही स्कॅन होऊन फुकट उपलब्ध आहे, दुसरं म्हणजे संस्था १८४६ ची असल्यामुळे शतकाचा अख्खा उत्तरार्ध सलग बघता येतो. खालची उदाहरणं सगळी तिथलीच आहेत, मुंबईचं शेवटी येईल.

आधी जवळ काय काय ठेवायचं

- मोठ्या स्क्रीनचा कॉम्प्युटर. मोबाईलवर जुनं हस्ताक्षर वाचायचा हट्ट नको, डोळे जातात आणि शब्द चुकतात.
- एक स्प्रेडशीट. कॉलम एवढेच ठेवा: तारीख, कोण, काय केलं, कुठल्या कागदात, कुठलं पान, आणि शेवटचा "खात्री". हा शेवटचा कॉलम विसरू नका, का ते पुढे कळेल.
- एक साधी वही, ज्यात त्या त्या माणसाच्या अक्षराचे नमुने उतरवायचे (त्याचा कॅपिटल एस, त्याचा सात, त्याचा एक).
- ईमेल अकाउंट, कारण आर्काइव्हवाल्यांना प्रश्न विचारावे लागतात, आणि नेमका प्रश्न विचारला तर बहुतेक ठिकाणी उत्तर मिळतं.

पैसे फारसे लागत नाहीत. वेळ लागतो.

१. माणूस निवडा, पण साहेब निवडू नका

पहिला मोह होतो तो मोठ्या नावाचा. स्मिथसोनियनमध्ये जोसेफ हेन्री हे पहिले सेक्रेटरी, म्हणजे संस्थेचे प्रमुख, आणि १८५० मध्ये त्यांचे असिस्टंट म्हणून आले स्पेन्सर बेअर्ड, येताना आपला स्वतःचा संग्रह रेल्वेचे दोन डबे भरून घेऊन आले. यांच्यावर भरपूर लिहिलं गेलंय. तुम्हाला हवाय तो ते दोन डबे रिकामे करणाऱ्यांपैकी शोभेल असा माणूस.

माझी शिफारस: सोलोमन ब्राउन. जन्म १८२९, कृष्णवर्णीय, पण गुलामीत नाही, स्वतंत्र आईवडिलांच्या पोटी. शाळा जवळपास नाहीच. १८४४ च्या सुमाराला मोर्सच्या तारयंत्राच्या कामात हाताखाली होता, १८५२ मध्ये स्मिथसोनियनला लागला तो थेट १९०६ पर्यंत, म्हणजे ५४ वर्षं. सुरुवातीला काम काय, तर प्रदर्शनाची कपाटं बनवणं, फर्निचर हलवणं, साफसफाई. मग व्याख्यानांसाठी मोठे नकाशे आणि चित्रं काढणं. पुढे आलेल्या मालाची नोंद, साठवण, पाठवणी. मधल्या काळात हा माणूस कीटकांवर भाषणं देत होता, कविता लिहीत होता, आणि १८७१ मध्ये वॉशिंग्टनच्या स्थानिक विधिमंडळात निवडूनही आला. एकाच माणसात हमाल, सुतार, चित्रकार आणि कारकून सापडतात, त्यामुळे नवख्याला याच्याइतकं सोयीचं दुसरं कोणी नाही.

दुसरे पर्यायही आहेत. जेन टर्नर, १८५८ पासून ग्रंथालयात. मेरी रॅथबन, १८८० च्या दशकात नक्कल करणारी कारकून म्हणून लागली आणि खेकड्यांची जगातली मोठी जाणकार झाली (१९१४ मध्ये तिने आपलं पगारी पद सोडलं, का तर त्या पैशांत तिच्या विभागाला सहाय्यक ठेवता यावा म्हणून, आणि स्वतः काम करतच राहिली). विल्यम हॉर्नडे, १८८२ ते १८९० मुख्य टॅक्सिडर्मिस्ट, म्हणजे पेंढा भरणाऱ्यांचा मुख्य. हॉर्नडेवर साहित्य खूप आहे पण तो स्वतःबद्दल भरभरून बोलणारा माणूस, त्यामुळे त्याचं सगळंच जसंच्या तसं खरं मानू नका.

२. साहेबांच्या सुट्ट्यांचं कॅलेंडर बनवा

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा. दोन माणसं एका इमारतीत बसत असतील तर ती एकमेकांना पत्र लिहीत नाहीत, जिना उतरून जातात आणि तोंडी सांगतात. म्हणजे जो काळ सगळ्यात सुरळीत चाललेला असतो त्याचा कागदच नसतो. कागद तयार होतो तो साहेब गावाला गेल्यावर.

बेअर्ड १८७१ पासून सरकारी मत्स्य कमिशनचेही प्रमुख होते आणि उन्हाळा समुद्रकिनाऱ्यावर काढायचे, पुढे पुढे मॅसॅच्युसेट्समधल्या वुड्स होल इथे. त्या दिवसांत ब्राउन वॉशिंग्टनहून त्यांना पत्रं लिहायचा: इमारतीत काय चाललंय, काय आलं, काय गेलं, मागे राहिलेल्या लोकांची खबरबात. त्याचा रोजचा दिवस आपल्याला दिसतो तो या पत्रांतून.

करायचं काय:

आधी साहेबांचा ठावठिकाणा वर्षवार लिहून काढा, कुठल्या महिन्यात ते शहराबाहेर होते. मग फक्त त्या महिन्यांची पत्रं मागवा किंवा उघडा. स्मिथसोनियन आर्काइव्हमध्ये कागद "रेकॉर्ड युनिट" या नावाने नंबर देऊन लावलेले आहेत, बेअर्ड यांचे खासगी कागद ७००२ नंबरच्या युनिटात आहेत. प्रत्येक युनिटाची एक मार्गदर्शक यादी असते, कुठल्या बॉक्समध्ये कुठलं फोल्डर ते सांगणारी. ती आधी पूर्ण वाचा. लोक ती न वाचताच सर्चमध्ये नाव टाकतात, दोनचार निकाल येतात, आणि "काही मिळालं नाही" म्हणून सोडून देतात. हस्तलिखित पान सर्चला दिसत नाही हो, फोल्डरचं नाव दिसतं, आणि फोल्डर असतं पत्र लिहिणाऱ्याच्या आडनावावर.

सावधान: उन्हाळ्याच्या पत्रांवरून अख्ख्या वर्षाचं चित्र काढू नका. वॉशिंग्टनचा उन्हाळा भयंकर दमट, निम्मं शहर बाहेर गेलेलं. डिसेंबरातलं काम वेगळं असणार.

३. वार्षिक अहवाल मागून पुढे वाचा

अहवाल बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी आणि इंटरनेट आर्काइव्ह या दोन्ही वेबसाइटवर फुकट आहेत. पुढची पानं म्हणजे सेक्रेटरींचं निवेदन, ते घाईत चाळलं तरी चालेल. मागच्या परिशिष्टांत जा. तिथे वर्षभरात कोणी काय पाठवलं त्याची यादी, परदेशी किती पेट्या गेल्या त्याचा हिशोब, खर्चाचा तपशील असं सगळं रटाळ सामान असतं. १८८० नंतरच्या खर्चाच्या तपशिलात पदं दिसायला लागतात: कॉपीइस्ट (नकला करणारे कारकून), पहारेकरी, सफाईवाली, मजूर, सुतार, निरोप्या मुलगा. नाव नसतं बऱ्याचदा, पण किती जण, किती महिने, काय दराने हे असतं, आणि त्यावरून म्युझियम चालवायला शास्त्रज्ञ किती आणि झाडू मारणारे किती हे कळतं.

४. एका खोक्याचा पाठलाग करा

माणसाचा दिवस सापडत नसेल तर वस्तूचा प्रवास शोधा, प्रत्येक टप्प्यावर एक माणूस उभा असतोच. एकच खोकं निवडा, शक्यतो १८५० किंवा ६० च्या दशकातलं, कारण तेव्हा पश्चिमेकडे रेल्वेच्या पाहणी मोहिमा चालू होत्या, लष्करी डॉक्टर, उत्तरेतले फरचे व्यापारी असे कोण कोण बेअर्ड यांना पक्षी, साप, मासे पाठवत होते.

*अ. निघण्याआधी.* स्मिथसोनियनने नमुने कसे गोळा करायचे याची सूचनापत्रकं छापून वाटली होती. ती वाचाच. कातडं कसं सोलायचं, सोमल (आर्सेनिक) कसा चोळायचा, मासे स्पिरिटमध्ये कसे ठेवायचे, पिंप कसं बंद करायचं. स्पिरिट म्हणजे शेवटी दारूच, त्यामुळे ती वाटेत कोणी पिऊ नये म्हणून त्यात उलटी होणारं औषध थोडं घालून ठेवा असाही सल्ला त्यात आहे! यावरून अंदाज करा की याआधी किती पिंपं कोरडी पोचली असतील.

*आ. आल्यावर.* आपल्याकडच्या सरकारी ऑफिसात आवक-जावक असतं तेच. पाठवणाऱ्याचं नाव, तारीख, आत काय आहे. हे आवक रजिस्टर वेगळं आणि नमुन्यांचं कॅटलॉग रजिस्टर वेगळं, दोन्हींची गल्लत करू नका. आवक रजिस्टरात एका खोक्याला एक नोंद, कॅटलॉगात आतल्या प्रत्येक पक्ष्याला वेगळा नंबर (मासे किंवा शिंपले असतील तर एका नंबराखाली अख्खी बरणी).

*इ. नंबर टाकणं.* कॅटलॉगची ती मोठाली रजिस्टरं स्कॅन झालेली बघायला मिळतात. कॉलम साधारण असे: नंबर, गोळा करणाऱ्याचा मूळ नंबर, नाव, नर की मादी, ठिकाण, कधी मिळाला, कोणाकडून आला, कोणी गोळा केला, नोंद कधी केली, शेरा. नवखे इथेच फसतात: "कोणाकडून आला" आणि "कोणी गोळा केला" हे दोन वेगळे लोक असतात. पाठवणारा लष्करातला अधिकारी, आणि प्रत्यक्ष पक्षी पकडणारा कोणी स्थानिक मूलनिवासी माणूस किंवा अधिकाऱ्याचा नोकर, ज्याचं नाव कुठल्याच कॉलममध्ये नाही. दुसरं म्हणजे "नोंद कधी केली" ही तारीख खोकं आलं त्या दिवसाची नव्हे. काम तुंबायचं. खोकी महिनोन् महिने पडून असायची. दोन तारखांमधलं अंतर मोजा, म्हणजे त्या वर्षी माणसं कमी होती का जागा कमी होती याचा वास लागतो.

*ई. विष आणि बरण्या.* पक्ष्यांची कातडी सोमलाने राखलेली असायची, आणि तीच कातडी ही माणसं दिवसभर उघड्या हातांनी उलटीपालटी करायची. आजही जुन्या संग्रहांना हात लावताना हातमोजे घालतात ते फक्त नमुना खराब होऊ नये म्हणून नाही. बरण्यांतलं स्पिरिट उडून जातं, त्यामुळे ठराविक काळाने प्रत्येक बरणी बघून भर घालणं हे न संपणारं काम. हे काम रिपोर्टात कधी येत नाही, पण दारूच्या खरेदीची बिलं येतात. बिलं शोधा!

*उ. परत बाहेर.* एकाच पक्ष्याची वीस कातडी आली तर काही ठेवून उरलेली डुप्लिकेट म्हणून कॉलेजांना, दुसऱ्या म्युझियमना वाटायची. शिवाय आंतरराष्ट्रीय देवाणघेवाणीचा मोठा कारभार होता, अमेरिकेतल्या संस्थांची पुस्तकं-अहवाल जगभर पाठवायचे आणि तिकडची आणून वाटायची. लंडन आणि लायपझिगला संस्थेचे एजंट होते. ज्यांच्याशी देवाणघेवाण चालायची त्यांच्या याद्या छापलेल्या आहेत, त्यात कलकत्त्याची एशियाटिक सोसायटी वगैरे आपल्याकडची नावंही दिसतात. हे सगळं पॅक करणारे हात कोणाचे, तर ब्राउनसारख्यांचे, तोही बराच काळ या खात्यात होता.

एवढं एका खोक्याचं झालं की स्प्रेडशीटमध्ये चांगल्या भरगच्च ओळी होतात. मग दुसरं खोकं घ्या, ते निम्म्या वेळात होतं.

५. कॉपीबुक वाचायला शिका

बाहेर जाणाऱ्या पत्राची नक्कल ठेवायची तेव्हाची पद्धत अशी: खास शाईने पत्र लिहायचं, ते ओलसर केलेल्या पातळ कागदाच्या वहीत ठेवायचं, लोखंडी प्रेसमध्ये दाबायचं, शाई त्या पानावर उमटते. अक्षर उलटं उमटतं पण कागद कांद्याच्या पापुद्र्याइतका पातळ असल्यामुळे दुसऱ्या बाजूने सुलटं वाचता येतं. दिवसभराची पत्रं अशी दाबून ठेवणं हे कोणाचं तरी रोजचं काम होतं, पाणी जास्त झालं की शाई पसरायची, कमी झालं की उमटायचंच नाही.

वाचताना:

- पान धूसर असेल तर इमेज डाउनलोड करून कॉन्ट्रास्ट वाढवा, रंग उलटे करून बघा. कधी कधी एकदम स्पष्ट होतं.
- पुढे बहुतेक वेळा नावांची अनुक्रमणिका असते, तिथून पान शोधा.
- तारखा अमेरिकन आहेत, आधी महिना मग दिवस. ४-७ म्हणजे ४ जुलै नाही, ७ एप्रिल. "इन्स्ट." म्हणजे चालू महिना, "अल्ट." म्हणजे मागचा महिना. "आपलं १२ अल्ट. चं पत्र पोचलं" हे वाक्य चुकीचं लावलं की अख्खा क्रम महिनाभर सरकतो.
- सही साहेबांची असली तरी अक्षर कोणाचं आहे ते बघा. वहीतले नमुने इथे उपयोगाला येतात.

६. गडबडीचे दिवस आधी घ्या

सुरळीत दिवसाचा कागद नसतो हे वर म्हटलंच, त्यामुळे आग, स्थलांतर, समारंभ अशा दिवसांकडे आधी वळा.

२४ जानेवारी १८६५ ला स्मिथसोनियनच्या लाल दगडी इमारतीला आग लागली. वरच्या मजल्यावर कामगार चित्रं टांगत होते, थंडी म्हणून तात्पुरती शेगडी लावली, आणि तिचा पाइप धुराड्यात समजून भिंतीतल्या पोकळीत खुपसला. जॉन मिक्स स्टॅनलीची मूलनिवासी लोकांची चित्रं गेली, ज्याच्या देणगीतून संस्था निघाली त्या स्मिथसनचे स्वतःचे कागद गेले, संस्थेचा बराच जुना पत्रव्यवहार गेला. खालच्या हॉलमधले नमुने बहुतांशी वाचले. हे तुमच्यासाठी दोन कारणांनी महत्त्वाचं: एक, १८६५ आधीचं काही सापडत नसेल तर लगेच स्वतःला दोष देऊ नका, ते जळालेलं असू शकतं. दोन, आगीनंतर चौकशी झाली, आणि चौकशीत कधी नव्हे ते शेगडी कोणी लावली, कोण कुठे होतं असे प्रश्न विचारले जातात.

१८७६ च्या फिलाडेल्फियातल्या जागतिक प्रदर्शनानंतर परदेशी सरकारांनी आपले स्टॉल परत न्यायच्या ऐवजी अमेरिकेला देऊन टाकले. रेल्वेचे डबेच्या डबे भरून माल वॉशिंग्टनला आला आणि ठेवायला जागा नाही! जवळच्या शस्त्रागाराच्या इमारतीत कोंबला, आणि त्यासाठी नवीन नॅशनल म्युझियमची इमारत बांधली. त्या इमारतीचं पहिलं मोठं कार्य कुठलं, तर ४ मार्च १८८१ चा राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्या शपथविधीचा नाच. लोकांसाठी म्युझियम उघडलं ते ऑक्टोबरात. नाचाची वर्णनं वर्तमानपत्रांत भरभरून आहेत, दुसऱ्या दिवशी सगळं आवरलं कोणी ते मात्र बिलांतच शोधावं लागतं.

हॉर्नडेच्या काळात तर इमारतीच्या मागे जिवंत रानरेडे, म्हणजे बायसन, बांधलेले होते. त्यांना चारापाणी करणं हेही म्युझियमच्या नोकरीतच आलं, त्यातूनच १८८९ मध्ये राष्ट्रीय प्राणिसंग्रहालय निघालं. त्याने १८८६ मध्ये माँटानाहून आणलेल्या बायसनांचा एक देखावा उभा केला, अगदी तिथल्या माती-गवतासकट. १९५७ मध्ये तो देखावा मोडताना मातीखाली एका डबीत १८८८ ची चिठ्ठी निघाली, आपल्यामागून येणाऱ्या टॅक्सिडर्मिस्टला लिहिलेली: मी धुळीला मिळाल्यावर या नमुन्यांना जपा. सांगायचा मुद्दा, वस्तूच्या तळाशी, लेबलाच्या मागे, कपाटाच्या फळीखाली काय लिहिलंय त्याच्या नोंदी म्युझियमवाल्यांकडे असतात, त्या मागा. विचारल्याशिवाय कोणी दाखवत नाही.

७. हुद्द्यावर विश्वास ठेवू नका

पगारपत्रकावर "मजूर" लिहिलंय म्हणजे तो मजुरीच करत होता असं नाही, आणि "कॉपीइस्ट" म्हणजे फक्त नकला करत होती असंही नाही. रॅथबनचं वर सांगितलंच. कृष्णवर्णीय माणसाला कुठला हुद्दा द्यायचा, बाईला किती पगार द्यायचा हे कामावरून ठरत नव्हतं. ज्या इमारतीत ब्राउन रोज राबत होता त्याच इमारतीत १८६२ मध्ये गुलामीविरुद्ध लढणारे प्रसिद्ध वक्ते फ्रेडरिक डग्लस यांचं व्याख्यान होऊ द्यायला हेन्रींनी नकार दिला होता, ते कृष्णवर्णीय होते म्हणून. ब्राउनची पत्रं वाचताना हे डोक्यात असू द्या. तो नम्रपणे लिहितो, विनोदही करतो, पण साहेबाला लिहिलेल्या पत्रात माणूस किती मोकळं बोलेल याला मर्यादा आहे. म्हणून "तो समाधानी होता" किंवा "तो आतून धुमसत होता" अशी वाक्यं एका पत्राच्या जोरावर लिहू नका, दोन्ही बाजूंनी हे सर्रास होतं आणि मला ते खटकतं.

पद्धत: हुद्द्याच्या कॉलममध्ये जे लिहिलंय ते लिहा, आणि शेजारी प्रत्यक्ष क्रियापदं लिहा. आणलं, मोजलं, पॅक केलं, चित्र काढलं, पैसे दिले, पावती घेतली. क्रियापदांची यादी वाढत गेली की माणूस दिसायला लागतो.

८. ट्रान्सक्रिप्शन करून हात बसवा

स्मिथसोनियनचं ट्रान्सक्रिप्शन सेंटर २०१३ पासून चालू आहे, त्यात कोणीही स्वयंसेवक जुनी डायरी, पत्रं, नोंदवह्या टाइप करून देऊ शकतं. पहिल्यांदा एक जण टाइप करतो, मग दुसरा तपासतो, मग संस्थेचे लोक मंजूर करतात. तपासणीचं काम करायचं तर अकाउंट उघडा.

नवख्यांना माझा सल्ला, पहिले काही दिवस टाइप करू नका, दुसऱ्यांनी केलेली पानं मूळ पानाशेजारी ठेवून तपासा. अक्षर ओळखायची सवय त्यानेच लवकर लागते. नियम साधे आहेत: जसं दिसतं तसं लिहा, स्पेलिंग सुधारू नका, वाचता आलं नाही तर दुहेरी चौकोनी कंसात प्रश्नचिन्ह टाकून पुढे जा. आपल्याकडच्या शाळेच्या सवयीने हात शिवशिवतो चुका दुरुस्त करायला, तो आवरा. कारकुनाच्या चुकाच सांगतात की तो ऐकून लिहीत होता का बघून.

९. आता दिवस मांडा

कागदावर सकाळ ते संध्याकाळ असा आडवा पट काढा आणि स्प्रेडशीटमधल्या ओळी त्यावर बसवा. "खात्री" कॉलममध्ये तीनच शेरे ठेवा: कागदात आहे, कागदावरून निघतं, माझा अंदाज. उदाहरणार्थ, १८५० च्या दशकात इमारतीच्या हॉलमध्ये हवामानाचा मोठा नकाशा लावलेला होता आणि तारेने आलेल्या बातम्यांप्रमाणे त्यावर गावोगावी रंगीत चकत्या अडकवल्या जायच्या. हे कागदात आहे. त्या रोज कोणीतरी बदलायचं हे त्यावरून निघतं. त्या ब्राउन बदलायचा असं लिहिलंत तर तो अंदाज, आणि तो अंदाज म्हणूनच वाचकाला दिसला पाहिजे. कथा लिहिणाऱ्यांना सूट आहे, प्रबंधवाल्यांना नाही.

मोकळ्या जागा राहतील. राहू द्या. जेवायला कुठे बसायचे, किती वाजता घरी जायचे, हे मिळालं तर नशीब. वेगवेगळ्या वर्षांतले तुकडे जोडून एकच "नमुना दिवस" करायचा असेल तर तसं वर स्पष्ट लिहा, कारण १८५५ चं स्मिथसोनियन आणि १८९० चं, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

१०. हेच मुंबईत करायचं असेल तर

करता येतं, पण घरी बसून सगळं होणार नाही. राणीच्या बागेतलं म्युझियम, आताचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, लोकांसाठी उघडलं २ मे १८७२ ला, म्हणजे काळ तोच. आणि बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी निघाली १८८३ मध्ये, संस्थापकांत आत्माराम पांडुरंग आणि सखाराम अर्जुन ही आपली मंडळी होती. सोसायटीचं जर्नल १८८६ पासून आहे आणि जुने अंक बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीवर मिळतात. त्यात सभांच्या वृत्तांतात कोणी काय भेट पाठवलं त्याच्या याद्या छापल्यात, म्हणजे चौथ्या पायरीतला खोक्याचा पाठलाग इथूनच सुरू करता येईल. ते सोलून, वाळवून, लेबल लावून ठेवणाऱ्यांची नावं मात्र तिथेही क्वचितच.

सरकारी कागदांसाठी फोर्टात एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार. जाताना ओळखपत्र, त्याच्या दोन झेरॉक्स, कॉलेज किंवा संस्थेचं पत्र आणि पेन्सिल न्या, शाईपेन जुन्या कागदांजवळ कुठेच चालत नाही. "म्युझियमबद्दल काहीही" असं मागू नका, वर्ष आणि खातं सांगा, जसं की १८७५ चं शिक्षण खातं, म्हणजे शोधणाऱ्याला यादी उघडता येते. आणि निघायच्या आधी फोन करून फाइल दिवसाला किती देतात, मोबाईलने फोटो काढू देतात का, त्याचे पैसे पडतात का हे तिन्ही एकदाच विचारून घ्या.